आधी मोजा, मग इंजिन खोला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येक तुकडीतल्या एकाने आपल्या कामाविषयी दहा-पंधरा मिनिटं बोलावं, असं समितीने ठरवलं. 'अ' तुकडीतून डॉक्टर बोलले, 'ब' तुकडीतून बँकेतले साहेब बोलले. 'क' तुकडीतून माझं नाव कोणी सुचवलं हे मला माहीत आहे आणि तो मागच्या रांगेत हसतोय. शाळेतही तो मागच्याच रांगेत होता.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. १९८६ ला दहावी झालो, आयटीआय केलं, काही वर्षं दुसऱ्यांकडे काम केलं आणि मग पुण्यात स्वतःचं वर्कशॉप टाकलं. गाडीचं वायरिंग, सेल्फ, डायनॅमो, अल्टरनेटर ही माझी रोजची भाजीभाकरी. अलीकडे माझ्याकडे जुन्या गाड्या जास्त येतात, कारण नवीन गाडीला कॉम्प्युटर लावून रोग वाचणारे पुष्कळ आहेत. जुन्या गाडीला कॉम्प्युटर लावायला जागाच नाही. तिथे माणसालाच विचार करावा लागतो.

आज मी एका गाडीचा एकच रोग सांगणार आहे आणि शेवटी आपल्या निधीबद्दल एक विनंती करणार आहे. विनंती आधी केली असती तर तुम्ही चहाला उठला असता.

रोग असा : सेल्फ जड फिरणे. आपण किल्ली फिरवतो तेव्हा सेल्फची मोटर इंजिनला फिरवते आणि इंजिन पेट घेतं. तब्येत ठीक असेल तर आवाज एका दमात येतो, खर्रर्रर्र, आणि गाडी सुरू. सेल्फ जड झाला की तोच आवाज तुटत तुटत येतो. खर्र... खर्र... खर्र. जिना चढताना आपल्या वयाच्या माणसाचा येतो तसा. गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. ज्याची गाडी असते त्याला मग प्रत्येक सिग्नलला धास्ती, की इथे बंद पडली तर पुन्हा लागेल का?

ही गाडी होती एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, पण आपल्याकडे फारच थोड्या पाहायला मिळतात. ही १९६९ ची, चार सिलिंडर, १७९८ सीसी. गाडी एका डॉक्टरांची होती. ते गेले आणि गाडी त्यांच्या पत्नीकडे आली. मॅडमचं वय सत्तरच्या आसपास. रविवारी सकाळी त्या स्वतः ती गाडी चालवायच्या.

आधी क्लच घसरायला लागला म्हणून त्यांनी एका वर्कशॉपमध्ये क्लच बदलून घेतला. त्यानंतर सेल्फ जड झाला. तक्रार केली तर सांगितलं, बॅटरी बदला. या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटच्या मागे फळीखाली, एकमेकींना जोडून बारा व्होल्ट केलेल्या. दोन्ही नव्या घेतल्या. फरक नाही. मग सेल्फ उतरवून कार्बन, बुश सगळं नवं केलं. फरक नाही. शेवटी निकाल दिला की इंजिन आतून जाम होतंय, खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मॅडमनी गाडी विकायचं ठरवलं. घेणारा तयारच होता, पण इंजिन गेलेल्या गाडीच्या भावात. चांगल्या गाडीच्या निम्म्यानेसुद्धा पैसे देत नव्हता.

व्यवहार ठरायच्या आधी त्यांच्या भाच्याने गाडी माझ्याकडे आणली. मॅडम म्हणाल्या, "मला फक्त एक सांगा, इंजिन खरंच गेलंय का?" दुरुस्तीचं नंतर बघू म्हणाल्या. गाडी खपेल त्या किमतीला जाऊ दे, पण खरं काय ते कळू दे. मला हा प्रश्न फार आवडला, कारण आमच्या धंद्यात बहुतेक लोक 'काय झालंय' विचारत नाहीत, 'किती होतील' विचारतात.

आता इथे आपल्या विज्ञानाच्या सरांना यावं लागतं. सर समोर बसलेत म्हणून सांगत नाही. नववीला की दहावीला सरांनी ओहमचा नियम फळ्यावर लिहिला : विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. तेवढ्यावर सर थांबले नाहीत. प्रत्येकाला टेबलापाशी बोलावून अमीटर एकसर जोडणीत आणि व्होल्टमीटर समांतर जोडणीत स्वतःच्या हाताने लावायला लावला. ज्यांचा काटा उलटा गेला त्यांना सर ओरडले नाहीत, तारा बदलून पुन्हा लावा म्हणाले. माझा सगळा धंदा त्या एका तासावर उभा आहे, हे मी आज सगळ्यांसमोर सांगतो.

तो नियम गाडीत कसा लागतो बघा. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर करंट लागतो, थंडीत किंवा मोठ्या इंजिनला त्याहूनही जास्त. घरातला पंखा एक अँपिअरही घेत नाही. एवढा मोठा करंट वाहत असताना वाटेत कुठे अगदी बारीकसा रोध आला, समजा ०.०२ ओहम, तरी १४० अँपिअरला तिथे २.८ व्होल्ट खर्च होतात. बारा व्होल्टमधले जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच गेले तर सेल्फच्या हाती काय उरणार?

आणि हा ०.०२ ओहम नेहमीच्या मीटरने थेट मोजता येत नाही. मीटरच्या दोन वायरींचाच रोध त्याच्या दहापट असतो. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोन्याची अंगठी तोलल्यासारखं होतं. मीटरचा बझर लावून बघणारे तर जास्तच फसतात. जाड केबलचे सगळे पदर तुटून एकच तार उरली असेल तरी बझर वाजतो. म्हणून रोध मोजायचा नाही. सेल्फ फिरत असताना, करंट वाहत असताना, त्या तुकड्याच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजायचं. आम्ही त्याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतो.

पहिली तपासणी मीटरशिवाय केली. हेडलाइट लावले आणि मॅडमना सेल्फ मारायला सांगितलं. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ किंवा इंजिन अडकून फार करंट ओढतंय. इथे सेल्फ रडत होता आणि दिवे जवळजवळ तसेच लख्ख होते. इंजिन जाम असतं तर दिवे असे राहिले नसते. मी मॅडमना तिथेच सांगितलं, "अजून पक्कं सांगत नाही, पण मला इंजिन गेल्यासारखं वाटत नाही."

मग मीटर काढला. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरेल पण गाडी सुरू होणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. सीटमागची फळी काढली. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये थोडं थांबायचं. मॅडम किल्ली फिरवत होत्या, मी आकडे वाचत होतो आणि माझा पोरगा ते खडूने फरशीवर लिहीत होता.

किल्ली न फिरवता बॅटरी १२.६ व्होल्ट. म्हणजे पूर्ण चार्ज. १२.२ च्या आसपास असती तर अर्धीच भरलेली धरायची. सेल्फ मारताना बॅटरी ११.४. ही साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा. इथे ती उत्तम होती. उलट, जरा जास्तच उत्तम होती, हे लक्षात ठेवा. करंट मोजला, १४० अँपिअर. इंजिन किंवा सेल्फ अडकलेला असता तर हा आकडा कितीतरी वर गेला असता.

आता सेल्फवरच मीटर लावला, एक टोक सेल्फच्या टर्मिनलला आणि दुसरं सेल्फच्या अंगाला. सेल्फ मारला. ८.३ व्होल्ट.

बॅटरी ११.४ देते आणि सेल्फला ८.३ मिळतात. मधले ३.१ व्होल्ट कुठे गेले? आमचं काम म्हणजे एवढा एक हिशोब. पाण्याच्या टाकीतून नळापर्यंत पाणी कमी येतंय, तर टाकी बदलायची नाही आणि नळही बदलायचा नाही, पाइप कुठे तुंबलाय ते तुकड्यातुकड्याने बघायचं.

पहिला तुकडा, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंतची लांब केबल. ०.२ व्होल्ट. चांगली. मीटरचं टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवायचं, वरच्या क्लॅम्पवर नाही, कारण पुष्कळदा रोग खुंटी आणि क्लॅम्प यांच्या मधल्या पांढऱ्या थरातच असतो. दुसरा तुकडा, बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीपर्यंत. ०.१ व्होल्ट. तिसरा तुकडा, गाडीच्या बॉडीपासून इंजिनच्या अंगापर्यंत. इथे मीटर शून्याजवळ राहायला पाहिजे. मीटरने दाखवले २.८.

सापडला. बेरीज करून बघा : ०.२, ०.१ आणि २.८ म्हणजे ३.१. हिशोब दशांशापर्यंत जुळला.

यात नेमकं काय झालं ते सांगतो. प्लसच्या वायरने करंट सेल्फकडे जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो परत बॅटरीकडेही यावा लागतो. तो इंजिनच्या लोखंडातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत येतो. आता इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, म्हणजे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने अलगच. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली जाड पट्टी लावतात. तिला आम्ही अर्थची पट्टी म्हणतो. एमजीबीत क्लच बदलायचा तर इंजिनच बाहेर काढावं लागतं. म्हणजे ती पट्टी सोडावी लागते आणि परत बसवावी लागते.

गाडीखाली गेलो. पट्टी जागेवर होती. म्हणूनच आधी बघणाऱ्यांना ती ठीक वाटली असणार. पण तिची अर्धी वीण तुटलेली होती, आणि जिथे बोल्ट आवळला होता तिथे बॉडीला गंज लागू नये म्हणून काळा रंग जाडसर मारलेला होता. पट्टी धातूवर नव्हती, रंगावर आवळलेली होती. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढा जात होता.

मग उरलेला करंट कुठून परत जात होता? चोकच्या केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, जिथे म्हणून लोखंडाला लोखंड लागतं तिथून. मी चोकच्या केबलला हात लावला, ती गरम होती. २.८ व्होल्ट आणि १४० अँपिअर म्हणजे जवळजवळ ४०० वॅट. लहान इस्त्रीएवढी उष्णता त्या खराब जोडात आणि त्या बारीक केबल्समध्ये निघत होती. असं जास्त दिवस चाललं तर केबल चिकटते, तिच्यावरचं आवरण जळतं आणि कधी धूरही येतो. म्हणून सेल्फ जड आहे म्हणून दोन-तीन मिनिटं सलग मारत राहू नका.

बोल्ट सोडायच्या आधी मी आणखी एक केलं. जंपर केबलचं एक टोक इंजिनच्या लोखंडाला आणि दुसरं बॉडीच्या साफ केलेल्या बोल्टला लावलं आणि मॅडमना म्हटलं, मारा सेल्फ. खर्रर्रर्र. मॅडमनी किल्ली सोडली आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिल्या. पैसे खर्च करायच्या आधी रोग असा सिद्ध करता येतो, पाच मिनिटांत, फुकट. मग नवी पट्टी आणली, रंग खरवडून चकचकीत धातू काढला, आवळून बसवली, वरून ग्रीस लावलं. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

पण शेवटचे आकडे ऐका. काम झाल्यावर सेल्फला १०.५ व्होल्ट मिळाले. करंट १८० अँपिअर झाला. आणि बॅटरी सेल्फ मारताना ११.४ वरून ११.० वर आली. गाडी सुधारली आणि बॅटरीचा आकडा कमी झाला! भाच्याने लगेच विचारलं, बॅटरी बिघडली का? नाही. आधी वाट अडलेली होती म्हणून बॅटरीला पूर्ण जोर लावताच येत नव्हता. ती ताजीतवानी दिसत होती, कारण तिला काम मिळत नव्हतं. मघाशी मी 'जरा जास्तच उत्तम' म्हटलं ते याचसाठी. सेल्फ रडतोय आणि बॅटरी मात्र मजेत आहे, अशी जोडी दिसली की आधी वायरी आणि अर्थ बघायचे.

घरच्या गाडीसाठी थोडक्यात सांगतो. सेल्फ जड झाला तर आधी बॅटरीचा व्होल्टेज, मग खुंट्यांची सफाई, मग प्लसची केबल, मग अर्थ, मग सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट. हे सगळं ठीक निघालं तरच सेल्फ उतरवायचा. सेल्फचे बुश झिजले की आर्मेचर घासतं, तेव्हा करंट जास्त आणि फिरणं कमी. जुन्या गाडीत इग्निशनचं टायमिंग फार पुढे असेल तर गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देतं. तेव्हा कॉइलची वायर काढून सेल्फ मारून बघा. मोकळा फिरला तर दोष टायमिंगचा. इंजिनवर खरोखरच संशय असेल तर सगळे प्लग काढून इंजिन हाताने फिरवून बघा. हे सगळं झाल्यावरही जड राहिलं, तर मग खोला. इंजिन हे यादीत शेवटी येतं, कारण ते खोलणं सगळ्यात महाग आणि एकदा खोललं की 'नव्हतं काही' असं म्हणायला कोणीच तयार नसतं. डॉक्टर मंडळी हसली, म्हणजे त्यांच्याकडेही असंच असावं!

मॅडमनी गाडी नंतर विकलीच. एकट्याने तिची निगा राखणं त्यांना जमत नव्हतं. पण ती चालू गाडी म्हणून विकली, चांगल्या माणसाला, चांगल्या भावात. जाताना त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी ती नीट सांभाळली होती, हे सिद्ध झालं." इंजिन गेलं म्हणजे डॉक्टरांनीच हयगय केली, असं कोणीतरी त्यांना बोललं होतं. त्या २.८ व्होल्टमुळे एका गेलेल्या माणसावरचा आळ उतरला, असं मला वाटतं.

आता विनंती.

आपल्या तुकड्यांनी मिळून शाळेसाठी निधी जमवलाय. प्रवेशद्वारावर कमान बांधायची, तिच्यावर बॅचचं नाव घालायचं, असा ठराव येणार आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण काल संध्याकाळी मी प्रयोगशाळेत जाऊन आलो. कपाट तेच आहे. आत दोन व्होल्टमीटर आहेत, एकाचा काटा अडकलेला. आत्ताच्या विज्ञानाच्या बाईंचा यात काही दोष नाही. साठ मुलांमध्ये एक मीटर आला तर त्या तरी काय करणार? त्या टेबलावर स्वतः करून दाखवतात आणि मुलं लांबून बघतात. बघून ओहमचा नियम परीक्षेत लिहिता येतो. हातात मात्र तो मीटर लावल्यावरच बसतो.

साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. दोन मुलांत एक असे तीस मीटर, त्यांना पुरतील अशा बॅटऱ्या, होल्डर, बल्ब, तारा, क्लिपा. कमानीच्या खर्चाचा हा लहानसा तुकडा आहे. कमान एक फूट कमी रुंद करा, पण हे करा. मीटर मी घाऊक भावात आणून देतो. आणि शाळा परवानगी देत असेल, तर वर्षातून दोन शनिवार मी स्वतः येईन, एक जुना सेल्फ आणि एक बॅटरी घेऊन. ती गंजलेली अर्थची पट्टी मी जपून ठेवली आहे, तीही आणीन. हरवलेले व्होल्ट मुलांनाच शोधू दे.

यातली बहुतेक मुलं माझ्यासारखी मेकॅनिक होणार नाहीत. कोणी नर्स होईल, कोणी शेतात मोटर बसवेल, कोणी बँकेत जाईल. पण कोणी समोर येऊन ठासून सांगितलं की 'हे गेलंय, बदला', तर 'मोजलंत का?' एवढं विचारायची सवय त्यांना लागली पाहिजे. आपल्याला ती सरांनी लावली. त्यासाठी सरांकडे चार चालू मीटर होते आणि एकेका मुलासाठी थांबायची तयारी होती.

सर, तुमच्या पाया पडायचं राहिलंय, ते खाली आल्यावर. समितीला विनंती की ठराव मांडताना माझे तीस मीटर त्यात घालावेत. एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो.